लाल कागदाखालचं नाव

आमच्या धंद्याला वर्षातून पंधरा दिवस सुतक असायचं. गणपती बुडाले की पितर पंधरवडा लागतो, आणि पितरांत ना लग्न, ना वास्तुशांत, ना बारसं. मग स्पीकर लावणार कोण? एरवी वर्षभर आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, कारण आबा कुठल्या तरी कोपऱ्यात स्पीकरचं एखादं युनिट दुरुस्त करून "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" करत बसलेले असायचे. त्या पंधरा दिवसांत मात्र इंदापूरच्या हायवेवरच्या ट्रकने गिअर बदललेला घरात ऐकू यायचा. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायचं तेसुद्धा ऐकू यायचं. आई म्हणायची, "पितर आलं की माझ्या कानास्नी माहेरी गेल्यावाणी वाटतंय." आबा मात्र त्या दिवसांत कावरेबावरे व्हायचे, आणि जेवताना उगाच ताटावर बोटांनी ठेका धरायचे.

आमच्याकडे मेंढरं होती ती आजोबांपर्यंत. आबांनी काठी ठेवली आणि स्पीकरची वायर धरली, असं आई सांगायची, आणि त्यात कौतुक जास्त की तक्रार जास्त हे मला कधी कळलं नाही. दोन खोल्यांचं घर. पलंगाखाली अॅम्प्लीफायर, पलंगावर आम्ही, माळ्यावर एकात एक घातलेले कर्णे, आणि भिंतीशी दोन लोखंडी ट्रंका. ट्रंकांत आबांच्या जुन्या तबकड्या. कॅसेटा येऊन बरीच वर्षं झाली होती, लग्नघरची माणसं आपापल्या कॅसेटा खिशातून घेऊन यायची, तबकडी लावा असं कोणी चुकूनही म्हणत नव्हतं. तरी आबांनी आजोबांच्या घोंगड्या कापून त्यांचे चौकोन केले होते आणि दर दोन तबकड्यांमध्ये एक चौकोन घातला होता. "सासऱ्याची घोंगडी थंडीत अंगावर घ्यायची, का ह्या तव्यांवर पांघरायची?" असं आई दर हिवाळ्यात विचारायची. ट्रंक उघडली की आधी मेंढरांचा वास यायचा आणि मागून गाणं. आजही कुठे लोकरीचा वास आला की माझ्या कानात पिन टेकल्याची खरखर सुरू होते. डॉक्टर तिला दुसरं काही नाव देतात आणि गोळ्या देतात.

या तबकड्यांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जत्रेत दोन स्पीकरवाले समोरासमोर आले की चढाओढ लागायची, आणि ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नाही असं गाणं, त्याच्याकडे गर्दी. मग समोरच्याचा माणूस काहीतरी निमित्त काढून मशीनजवळ यायचा, तबकडीच्या मधल्या चिठ्ठीवरचं गाणाऱ्याचं नाव वाचायचा आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारातून तीच तबकडी पैदा करायचा. म्हणून चांगल्या तबकडीचं नाव झाकायची पद्धत पडली. गव्हाच्या पिठाची खळ करायची आणि चिठ्ठीवर पतंगाचा कागद डकवायचा. आबांचा कागद लाल. बारामतीच्या रंगराव तात्यांचा निळा. बावड्याच्या अण्णांचा नुसता वर्तमानपत्राचा, कारण अण्णा पतंगावर पैसे घालवणाऱ्यांतले नव्हते. नाव एकदा झाकलं की ते कोणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही, आणि दुसऱ्याने लावलेला कागद आपल्या हाताने काढायचा नाही. आबांना त्यांचे गुरू शिदू वस्ताद यांनी तशी शपथच घातली होती.

लाल कागदाच्या तबकड्या आबांकडे पाच-सहा असतील, पण "लाल कागद" म्हटलं की इंदापूर आणि बारामती दोन्ही तालुक्यांतल्या स्पीकरवाल्यांना एकच आठवायची. शिदू वस्तादांनी मरताना आबांना दिलेली. तीन मिनिटांचं गाणं. एक बाई, मागे तुणतुणं, आणि लांबून कुठून तरी येतेय अशी ढोलकी. सासरी निघालेली बाई होडीत बसलीय आणि नदीच्या मध्यावर नावाड्याला म्हणतेय, थांब रं नावाड्या, माझं गठुडं राहिलं. एवढंच. त्या गठुड्यात काय काय राहिलं हे ती एकेका कडव्यात सांगते, आणि दर कडव्याला तिचा आवाज थोडा हसतो, थोडा फाटतो. त्या काळच्या गाणाऱ्या तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगायच्या. हिने सांगितलं असेल तर त्या जागी पिन फिरून फिरून नुसती खरखर उरली होती. मी ते गाणं शंभरदा ऐकलं असेल, आणि दर वेळी मला वाटायचं की या खेपेला तरी नावाडी थांबेल.

पितरांच्या रिकाम्या दिवसांत, सर्वपित्री अमावस्येला, स्पीकरवाल्यांची एक बैठक भरायची. बारामतीच्या अलीकडे तात्यांचा ऊस होता आणि उसातच त्यांचं गुऱ्हाळ. दिवाळीपर्यंत ते बंद असायचं. दुपारी तात्यांच्या घरचं पितरांचं जेवण झालं की सात-आठजण गुऱ्हाळात बसायचे आणि प्रत्येकाने आपली झाकलेली एक तबकडी लावायची. इतरांनी गाणाऱ्याचं किंवा वाजवणाऱ्याचं नाव ओळखायचं. ज्याची कोणालाच ओळखता आली नाही त्याने पुढच्या वर्षी शेवटची तबकडी लावायची, एवढाच मान. तो मान बरीच वर्षं आबांकडे होता. त्या दिवशी आबा घरी यायचे ते ताठ मानेने, आणि दोन दिवस आईशीसुद्धा मोजकंच बोलायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. गणपतीच्या सामानसुमानाची आवरासावर चालू असताना एक दिवस रंगराव तात्या आमच्या दारात उभे राहिले. त्यांना पुण्याला दाखवून आणल्याचं कानावर आलं होतं, पण इतके उतरले असतील असं वाटलं नव्हतं. सदऱ्यात माणूस कमी आणि सदराच जास्त. आईने पाट दिला, चहा दिला. तात्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"नामदेवा," ते आबांना म्हणाले, "डाक्टरानं घरी न्या म्हणून सांगितलंय. म्हंजी तुला कळलंच."

"आसं का बोलताय तात्या. औंदा बसायचंय न्हवं अमावस्येला?"

"औंदा बसू. म्होरल्या साली तुमी बसा." मग ते थोडा वेळ दम खात राहिले. "एकच मागाया आलोय. त्या लाल कागदावालीचं नाव सांग. इतकी वरसं झोपताना इचार करतोय, कोण आसंल ही. हितं म्या कुणाला सांगणार न्हाय, आन् जितं चाललोय तितं तर तिचीच गाठ पडायची. नाव ठावं आसलं तर हाक तरी मारता यील."

हे ते हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. आबा म्हणाले, "सांगतो तात्या. अमावस्येला सांगतो." तात्या उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एसटी गाठायला गेले.

आबा बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मग आत येऊन आम्हा दोघींपुढे म्हणाले, "मला ठावं न्हाय."

"काय ठावं न्हाय?" आई म्हणाली.

"तिचं नाव. वस्तादानं तबकडी दिली तवाच कागद डकवल्याला हुता. म्या इचारलं, तर म्हणला, झाकल्यालं झाकल्यालंच बरं."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. इतकी वर्षं ज्या मानावर हे घर ताठ होतं तो मान एका न माहीत असलेल्या गोष्टीवर उभा होता. मला आबांची कीव आली आणि रागही आला. शेवटी आई म्हणाली, "मग सांगा की एखादं नाव. कमळाबाई म्हणा, हिराबाई म्हणा. जाणाऱ्या माणसाला गोड वाटलं म्हंजी झालं. त्यात कसलं पाप?"

दोन दिवस आबांनी माडग्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंक उघडली, ती तबकडी घोंगडीच्या चौकोनात घालून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "शपथ माझ्या हाताची हाय. तुझ्या हाताची न्हाय." धनगराचं डोकं, वाटेत ओढा आला तर पाण्यात न उतरता मेंढरं पलीकडे कशी न्यायची ते त्याला बरोबर कळतं.

मी अंगणात उन्हाला पाठ करून बसले. फडकं पिळून कागदावर ठेवायचं, खळ मऊ होईपर्यंत थांबायचं आणि कडेने नखाने उचलायचं. गरम पाणी चालत नाही, तवा वाकडा होतो. आबा समोर उकिडवे बसले होते, पण बघत होते रस्त्याकडे. वरचा लाल कागद निघाला. खाली पुन्हा लाल. आबा म्हणाले, "वरचा माझा. वस्तादाचा फाटाया लागला म्हणून त्याच्यावरच म्या डकवला हुता." दुसरा लाल निघाला. त्याखाली हिरवा. आबांनी मान वळवली. आमच्या माहितीत हिरवा कागद कोणाचाच नव्हता. हिरव्याखाली छापील कागद, जुन्या वळणाची अक्षरं, आणि त्याखाली एक पिवळा पडलेला हातचा कागद, त्यावर मोडी. मोडी म्हणजे कोणाच्या आज्या-पणज्याचा काळ. तबकडीच्या पोटात इतकी माणसं बसली आहेत हे कोणाला ठाऊक होतं?

मोडीचा कागद सुटला, आणि खाली काळंभोर. चिठ्ठीच नव्हती. कोणी तरी चाकूने ती खरवडून काढली होती. ओरखडे अजून दिसत होते. सगळ्यांत पहिल्या माणसाने नाव नुसतं झाकलं नव्हतं, पुसून टाकलं होतं. त्याच्यानंतरच्या प्रत्येकाने आधीच्याला माहीत असणार असं धरलं आणि आपला कागद वर डकवला.

तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून मोडी वाचायचे. आबा त्याच दुपारी तो कागद त्यांच्याकडे घेऊन गेले. ती कोणाच्या तरी शेताच्या बांधाची कैफियत होती. पूर्वेला ओढा, दक्षिणेला बाभळ. बाईचा त्यात पत्ता नव्हता.

अमावस्येला आबा मलाही बरोबर घेऊन निघाले. मी आजवर त्या बैठकीला गेले नव्हते, बायका जात नसत. आबा म्हणाले, "कागद तू काढल्यात, तूच लावायची. आन् तुझ्यावाणी हळू पिन मला टेकवता यायची न्हाय." हे दुसरं कारण खोटं होतं. त्यांना कोणी तरी सोबत हवं होतं. बारामतीच्या गाडीत तबकडी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले होते. निघण्याआधी मी पुन्हा एक लाल कागद डकवला होता आणि काढलेले सगळे कागद सुकवून वहीत ठेवले होते. आबा हळूच म्हणाले, "चंद्राबाई बावडेकर." मी बघितलं. "कसं वाटतंय नाव?" मी म्हणाले, खरं वाटतंय. आणि ते इतकं खरं वाटत होतं की मला भीती वाटली.

तात्यांच्या घरी खीर, वडे, गवारीची भाजी, अळूची वडी, कढी असं साग्रसंगीत पान होतं. तात्यांनी भाताचं एक शीत जिभेवर ठेवलं आणि बाकी आम्हाला आग्रह करत राहिले. मग सगळे गुऱ्हाळात गेले. उंच पत्रे, आत गारवा, आणि बंद असूनही जमिनीतून येणारा जुन्या गुळाचा वास. गुळाची मोठी काहील भिंतीला उभी टेकवून ठेवलेली होती आणि कर्ण्याचं तोंड तिच्याकडे केलेलं होतं, म्हणजे आवाज आधी काहिलीत जायचा आणि तिथून गोल होऊन यायचा. ही युक्ती तात्यांची. तिथे ऐकलेला आवाज मी नंतर कुठल्याही नाट्यगृहात ऐकला नाही. कोणी बोलत नव्हतं. जत्रेत घसा फोडून ओरडणारी ती माणसं डोळे मिटून, देवळात बसावं तशी बसली होती.

बावड्याच्या अण्णांनी क्लॅरिनेटची तबकडी लावली, ती एकाने ओळखली. पळसदेवचे दगडू होडीही चालवायचे आणि स्पीकरही. त्यांनी एका गोंधळ्याचं संबळ लावलं, त्याने माझ्या अंगावर काटा आला. तात्यांनी लावली ती हसण्याची तबकडी. दोन माणसं तीन मिनिटं नुसती हसतात, शब्द एक नाही. आधी अण्णा हसले, मग दगडू, मग सगळं गुऱ्हाळ हसायला लागलं, आणि खांबाला टेकून बसलेले तात्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांना पुढे खोकला लागला तेव्हा सुनेने पाणी आणून दिलं.

मग आमची पाळी आली. मी पिन टेकवली. खरखर, तुणतुणं, आणि ती बाई. घरी ऐकलेलं गाणं काहिलीतून आलं तेव्हा ओळखू येईना. ती कर्ण्यात नव्हतीच, ती त्या पत्र्याखाली कुठेतरी उभी होती. कडवं संपताना ती श्वास घेते तो मला पहिल्यांदा ऐकू आला, आणि माझ्या मनात आलं, ही जेवून आली असेल का, हिला घरी कोणी वाट बघणारं असेल का. दगडू दर वर्षीप्रमाणे पुटपुटले, "आमच्या धरणात बुडाल्या गावातली हाय ही. नदीच्या उतारावर होडीतनं गाणी आसंच यायची." त्यांना कोणी हटकलं नाही. गाणं संपलं, खरखर राहिली, आणि मी पिन उचलायला विसरले.

"नामदेवा," तात्या म्हणाले.

आबांनी तोंड उघडलं. चंद्राबाई बावडेकर त्यांच्या ओठांवर आलेली मला दिसली. सगळे त्यांच्याकडे बघत होते, एकटे तात्या सोडून. तात्यांनी नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटले होते. मला वाटतं त्या मिटलेल्या डोळ्यांनीच आबांना अडवलं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "कागद आण."

मी वही दिली. आबांनी एकेक कागद तात्यांच्या मांडीवर ठेवला. "हा माझा. हा वस्तादाचा. हा हिरवा कुणाचा, ठावं न्हाय. हा छापील. ही मोडी. आन् खाली काय बी न्हाय तात्या. खरवडल्यालं हाय." त्यांनी वही मिटली. "इतकी वरसं तुमी मला शेवटाला बसवलं. मला बी ठावं न्हवतं. कुणालाच ठावं न्हवतं."

मला वाटलं आता आबांचा धंद्यातला शब्द संपला. अण्णा खाली बघत होते. तात्यांनी ते कागद चाचपले, हिरवा उन्हाकडे धरून बघितला, मोडीवरून बोट फिरवलं. आणि म्हणाले, "म्हंजी आपुन समदी मिळून तिला झाकतच आलो."

मग त्यांनी सुनेला हाक मारली. "सुनबाई, आणिक एक पान वाढ. समदं वाढ, खीर बी."

"कुणाचं मामंजी? आपली तर समदी झाली."

"आज सर्वपित्री हाय न्हवं? ज्याची तिथी ठावं न्हाय त्याचं आज. हिचं नाव ठावं न्हाय, तिथी ठावं न्हाय. हिच्या घरचं कुणी घालत आसंल का न्हाय, देव जाणे. आमी घालतो."

पान आलं. आबांनी ते दोन्ही हातांत घेतलं, गुऱ्हाळाच्या मागे उसाच्या कडेला ठेवलं, आणि सगळे स्पीकरवाले टोप्या सारख्या करून उभे राहिले. कावळा यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात अण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, तुला कागद काढाया येतोय न्हवं? माझ्या दोन हायत. त्यांच्याखालचं मला बी ठावं न्हाय." मागून दगडूही आले. त्या संध्याकाळी गुऱ्हाळाच्या हौदाशी बसून मी चार तबकड्यांचे कागद काढले. तिघींखाली नावं निघाली आणि ती मोठ्याने वाचली गेली.

तात्या दिवाळी बघू शकले नाहीत. बैठक पुढे दोन वर्षं भरली आणि मग मोडली. आबाही गेले. ती तबकडी आता माझ्याकडे आहे, घोंगडीच्या त्याच चौकोनात, आणि बैठकीआधी डकवलेला लाल कागद काढल्यावर मी तिच्यावर पुन्हा कागद लावला नाही. परवा माझ्या लेकीने ती लावून समोर फोन धरला. हल्ली फोन ऐकून गाणाऱ्याचं नाव सांगतो. फोनने दोनदा ऐकलं आणि काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. लेक हिरमुसली. मला मात्र त्या फोनबद्दल एकदम आपुलकी वाटली, त्यालाही आमच्या बैठकीत बसवावं असं वाटलं.

सर्वपित्रीला मी आमच्या माणसांची पानं ठेवते आणि शेवटी एक जास्तीचं. त्याच्यावर खीर थोडी अधिक वाढते. लेक विचारते, हे कुणाचं. मी म्हणते, एक बाई आहे, तिचं गठुडं राहिलंय. मग आम्ही दोघी गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहून कावळ्याची वाट बघतो.